पेढीवरची उमेदवारी आणि कंपनीतली उमेदवारी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माधवनगरच्या पेठेत एक प्रश्न हमखास कानावर येतो : मुलाला आता दुकानावर बसवायचे की पुढे शिकवायचे? आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत याचे उत्तर बहुधा गल्ल्याकडे पाहून दिले जाते. दुकानात माणूस कमी असला की मुलगा दुकानावर, माग बंद पडले की मुलगा कुठेतरी रोजावर. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे. मोठ्या कंपनीत लेखी करार करून काही काळ काम शिकायचे. सरकारी भाषेत तिला शिकाऊ उमेदवारी म्हणतात. माझा भाचा या वाटेने जाऊन आला. त्याचे काय झाले आणि कायदा काय सांगतो, हे आपल्या बांधवांना कळावे म्हणून लिहीत आहे.

उमेदवारी पेठेला नवी नाही. उमेद म्हणजे आशा. पूर्वी पुढे नोकरी मिळेल या आशेवर मुलगा पेढीवर किंवा कचेरीत बिनपगारी राबत असे, तो उमेदवार. कारागिराकडे हेच नाते उस्ताद आणि शागिर्दाचे. मी स्वतः उर्दू शाळेतून दहावी होऊन वडिलांच्या कापड दुकानात बसलो. मराठीत बिल लिहायला आमच्या मुनीमजींनी शिकवले. ताका हातात घेऊन सूत ओळखणे, गिऱ्हाईक उधारी फेडणार की बुडवणार हे त्याच्या बोलण्यावरून ताडणे, हे मात्र पाहून पाहून आले. ही तालीम अस्सल आहे. पण तिच्यात एक उणीव राहते. जे वडिलांना ठाऊक नव्हते, ते मुलालाही कधी कळत नाही.

कारखान्यात शिकण्याची परंपराही आपल्या भागात जुनी आहे. माधवनगरहून पुण्याच्या बाजूला रेल्वेने निघाले की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये तिथे ओसाड माळावर कारखाना उभा केला आणि खेड्यातल्या माणसांना यंत्रावर काम करायला शिकवले. पण ती लेथची आणि ओतकामाची विद्या. कंपनीत खरेदी, गोदाम, हिशेब, विक्री यांचीही उमेदवारी करता येते, हे आपल्याकडे अजून फारसे कोणाला माहीत नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. आधी तो मुख्यतः फिटर, टर्नर, वायरमन अशा कामांपुरता होता. 1973 मध्ये पदवी-पदविकाधारक अभियंते त्यात आले, 1986 मध्ये बारावी व्यवसाय शिक्षणाची मुले आली. 2014 च्या दुरुस्तीने कंपन्यांना स्वतःच्या गरजेप्रमाणे कामाचे प्रकार ठरवण्याची मुभा मिळाली आणि दुकानदारी, गोदाम, हिशेब अशा कामांची दारे उघडली. ज्या आस्थापनेत 30 किंवा अधिक माणसे आहेत, तिने एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपल्यातला मध्यम कारखानदारही रीतसर उमेदवार ठेवू शकतो.

उमेदवाराला मिळते ते विद्यावेतन. 2019 च्या नियमांत दहावी झालेल्यास महिना किमान 6,000 आणि बारावी झालेल्यास 7,000 रुपये ठरले. कराराच्या वेळी लागू असलेला दर विचारून घ्यावा. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत या रकमेतला चौथा हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसते. 2023 पासून हा हिस्सा थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

आता भाच्याची हकिकत. उर्दू माध्यमातून दहावी, मग कॉमर्सची बारावी. पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या गोदाम विभागात त्याला एक वर्षाची उमेदवारी मिळाली. आमच्या बहिणीला ते पटले नाही. "मामूचे दुकान असताना पोराने दुसऱ्याच्या दारात का उभे राहावे?" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

पहिले दोन महिने त्याला खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला आणि कागदांच्या झेरॉक्स काढायला ठेवले. मराठी-इंग्रजी फॉर्म भरताना तो अडखळे, बाकीची मुले हसत. एका रात्री फोन आला, "मामू, हे तर हमालाचे काम आहे." मी म्हणालो, "ये परत." पण तो आला नाही. त्याने कराराचा कागद काढून वाचला. कोणत्या महिन्यात काय शिकवायचे ते त्याला जोडलेल्या तक्त्यात लिहिले होते. तो तक्ता घेऊन तो साहेबांकडे गेला. आठ दिवसांत त्याला माल उतरवून घेण्याच्या टेबलावर बसवले.

तिथे तो जे शिकला ते असे. मालाची मागणी, माल पोहोचल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल, हे तीन कागद जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. प्रत्येक नगावर आल्याची तारीख हवी. महिन्याच्या शेवटी कोणताही एक कप्पा निवडून मोजायचा आणि वहीशी ताडून पाहायचा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर एक खोकेही हलवायचे नाही.

वर्ष संपले. कंपनीने त्याला नोकरीत घेतले नाही. विद्यावेतन खोलीभाडे आणि जेवणात गेले, घरी एक पैसा आला नाही. बहीण रडली. पण यात कंपनीने कायदा मोडला नव्हता. करारात तशी अट नसेल तर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि ती घेण्याचे बंधन मुलावरही नाही.

भाचा माझ्या दुकानात बसू लागला. पहिल्याच महिन्यात त्याने माळ्यावरचे सगळे ताके खाली काढले आणि जुन्या बिलांवरून प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी लावली. जवळजवळ तिसरा हिस्सा माल दोन वर्षांहून जुना निघाला. मी तो दर वर्षी खरेदीच्या भावाने शिलकेत धरत होतो. हिशेबाचा नियम असा की, शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा आज विकून हाती येईल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने धरावा. तो म्हणाला, "मामू, हा माल नाही, अडकलेली रक्कम आहे. वहीत तुम्ही नफा दाखवता आणि बाजारात उधारी वाढत जाते." तीस वर्षांच्या व्यापाऱ्याला हे ऐकणे सोपे नव्हते. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माल काढायला घेतला. काही ताके तोट्यात गेले. पण आलेल्या रोख रकमेतून इचलकरंजीच्या व्यापाऱ्याची बाकी फिटली आणि पुढच्या खरेदीवर रोखीचा वटाव मिळाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्रमागावर काम करणारे एक जुने गिऱ्हाईक लेकीच्या लग्नाचे कापड उधार न्यायला आले. मागची बाकी वहीत दिसत होती, म्हणून भाच्याने नाही म्हटले. वीस वर्षांचा माणूस मान खाली घालून गेला. तो दर वेळी हंगाम संपल्यावर पैसे देतो, हे वहीत लिहिलेले नव्हते. मी संध्याकाळी कापड घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाच्याला बरोबर नेले. जे कंपनीत शिकता येत नाही, ते त्या दिवशी तो शिकला.

जर्मनीत ठोक व्यापार आणि दप्तरी काम यांचीही दोन-तीन वर्षांची रीतसर उमेदवारी असते. मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत काम करतो, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो आणि शेवटी व्यापार मंडळाची परीक्षा देतो. तिथे व्यापार हाही शिकण्याचा हुनर मानतात. आपण तो फक्त वारशाने येतो असे समजतो.

ज्यांना मुलाला पाठवायचे आहे त्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. करार लेखी हवा आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. मुलगा अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. काय शिकवणार याचा तक्ता मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. कायद्याने उमेदवार हा कामगार नसतो, त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड किंवा बोनसची अपेक्षा धरू नये. मात्र शिकताना अपघात झाला तर भरपाई द्यावी लागते, आणि परवानगीवाचून जादा वेळ राबवता येत नाही. मुदतीच्या मध्येच सोडल्यास शिकवण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे. राहण्या-जेवणाचा हिशेब आधी मांडावा. शेवटचे प्रमाणपत्र न विसरता घ्यावे.

बंधूंनो, मुलाला एक वर्ष दुसऱ्याच्या पेढीवर पाठवण्यात कमीपणा नाही. तो परत येईल तेव्हा त्याच्या हाती आपल्या चुका मोजण्याचा गज असेल. त्या वेळी त्याला माळ्यावर चढू द्यावे आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे.