फिल्म सोसायटी

फिल्म सोसायटी म्हणजे चांगले चित्रपट एकत्र पाहावेत, त्यांवर चर्चा करावी आणि आपली आवड इतरांच्या आवडीशी ताडून पाहावी, या हेतूने रसिकांनी स्वतः स्थापन केलेली सभासद-संस्था होय. मराठीत तिला चित्रपट मंडळ, चित्र मंडळ किंवा फिल्म क्लब असेही म्हणतात. चित्रपटगृहात प्रेक्षक तिकीट काढून येतो आणि खेळ संपताच पांगतो. फिल्म सोसायटीत खेळ संपल्यानंतरचे बोलणे हा खेळाइतकाच महत्त्वाचा भाग असतो. भारतातील समांतर चित्रपट, चित्रपट-समीक्षा आणि चित्रपट-शिक्षण यांच्या घडणीत या चळवळीचा मोठा वाटा आहे.

संकल्पना

चित्रपटाचा चाहता आणि चित्रपटाचा रसिक या दोन शब्दांत सूक्ष्म भेद आहे. चाहत्याला एखादा नट, एखादे गाणे किंवा एखादी कथा आवडते आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. रसिकाला ती का आवडली, हेही जाणून घ्यावेसे वाटते. भारतीय साहित्यशास्त्रात अशा ग्रहणक्षम वाचक-प्रेक्षकाला ‘सहृदय’ म्हटले आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या विवेचनात या सहृदयाला मध्यवर्ती स्थान दिले. मराठीत रूढ झालेला ‘चित्रपट रसास्वाद’ हा शब्दप्रयोग याच परंपरेतून आलेला आहे.

आवड ही ज्याची त्याची, तिच्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, असे सामान्यतः मानले जाते. फिल्म सोसायटीची उभारणी याच्या उलट गृहीतावर झालेली आहे. आवड व्यक्तिगत असली तरी तिची कारणे सांगता येतात. ती कारणे दुसऱ्याला पटू शकतात किंवा तो ती खोडून काढू शकतो. या देवघेवीतून दोघांचीही पाहण्याची दृष्टी बदलते.

युरोपातील उगम

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये चित्रपटाकडे करमणुकीबरोबरच कला म्हणून पाहणारा एक वर्ग तयार झाला. समीक्षक व दिग्दर्शक लुई देल्युक यांनी १९२० च्या सुमारास ‘सिने-क्लब’ हा शब्द प्रचारात आणला. चित्रपटाला ‘सातवी कला’ म्हणणारे रिच्चोत्तो कानुदो यांनी पॅरिसमध्ये या कलेच्या मित्रांचे मंडळ काढले.

लंडनमध्ये १९२५ साली आयव्हर मॉन्टेग्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली. एच. जी. वेल्स व जॉर्ज बर्नार्ड शॉ हे तिचे पाठीराखे होते. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ (१९२५) या चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनास ब्रिटनमध्ये परवानगी नाकारण्यात आली होती. तो १९२९ मध्ये या संस्थेने आपल्या सभासदांना दाखवला. खासगी सभासदत्वामुळे संस्थेला हे शक्य झाले. पुढे इतर देशांतील संस्थांनाही हा मार्ग उपयोगी पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमधील सिने-क्लब आणि आंरी लांग्ल्वा यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली ‘सिनेमातेक फ्रान्सेज’ (१९३६) ही तरुण रसिकांची शाळाच ठरली. फ्रान्स्वा त्रुफो, जाँ-लुक गोदार, एरिक रोमेर आणि जाक रिव्हेत हे तेथे चित्रपट पाहत, त्यांवर वाद घालत आणि लिहीत. १९५१ साली सुरू झालेल्या ‘काइये द्यु सिनेमा’ या मासिकातून त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. काही वर्षांतच हे प्रेक्षक स्वतः दिग्दर्शक झाले. फ्रान्समधील ‘नवलहर’ ती हीच.

भारतातील प्रसार

कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता व त्यांच्या मित्रांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ची स्थापना केली. त्या वेळी राय जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करत होते. १९५० मध्ये कामानिमित्त लंडनला गेले असता त्यांनी काही महिन्यांत सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांत व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा इटालियन चित्रपट होता. प्रत्यक्ष स्थळी, नवख्या कलावंतांना घेऊन चित्रपट करता येतो, हा विश्वास त्यांना या चित्रपटाने दिला. ‘पथेर पांचाली’ (१९५५) हे त्याचे फळ होय.

जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि नंतर तो अन्य महानगरांतही नेण्यात आला. इटलीचे नववास्तववादी चित्रपट अनेक भारतीय रसिकांनी तेथे प्रथम पाहिले.

१९५९ मध्ये ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ हा महासंघ अस्तित्वात आला. सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महासंघाशी संलग्न संस्थांना केवळ सभासदांसाठी, सेन्सॉर प्रमाणपत्राविना चित्रपट दाखवण्याची सवलत मिळाली. त्यामुळे व्यापारी वितरणात कधीही न येणारे परदेशी चित्रपट लहान शहरांपर्यंत पोहोचू शकले.

केरळात अडूर गोपालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘चित्रलेखा फिल्म सोसायटी’ काढली. पुढे याच मंडळींनी सहकारी तत्त्वावर चित्रपटनिर्मितीही केली. कर्नाटकातील हेग्गोडु या गावी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेने ग्रामस्थांना जागतिक चित्रपट दाखवून त्यांच्याशी चर्चा घडवून आणल्या. अभिजात चित्रपट फक्त शहरी सुशिक्षितांना कळतात, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला.

महाराष्ट्रातील चळवळ

महाराष्ट्रात या चळवळीची दोन प्रमुख केंद्रे आहेत : मुंबई आणि पुणे. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. समीक्षक सुधीर नांदगावकर यांचा या मंडळाच्या वाटचालीत मोठा वाटा होता. मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकाने जागतिक चित्रपटांविषयी गंभीर लेखन मराठीत उपलब्ध करून दिले. पुण्यात ‘आशय फिल्म क्लब’ने नियमित खेळ, महोत्सव आणि चर्चा यांची परंपरा जोपासली आहे.

पुण्यात आणखी दोन संस्थांचा आधार लाभला. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये ‘राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय’ स्थापन झाले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी चित्रपटांच्या प्रती जमवल्या आणि त्या फिल्म सोसायट्यांना दाखवण्यासाठी दिल्यादेखील. या दोन संस्थांच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमाचा लाभ शिक्षक, पत्रकार, गृहिणी, डॉक्टर अशा विविध क्षेत्रांतील व्यक्तींनी घेतला. प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपटाचे दृश्यागणिक विश्लेषण कसे करावे, हे भारतीय विद्यार्थ्यांना शिकवले. मराठीतील सूक्ष्म चित्रपट-समीक्षेचे उदाहरण म्हणून अरुण खोपकर यांच्या ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ग्रंथाचा उल्लेख केला जातो.

कार्यपद्धती

फिल्म सोसायटीचा कारभार बहुधा स्वयंसेवकांच्या कार्यकारिणीकडे असतो. सभासद वार्षिक वर्गणी भरतात, खेळागणिक तिकीट विकले जात नाही. पूर्वी १६ किंवा ३५ मिलिमीटर फितीच्या प्रती राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, महासंघ, परदेशी वकिलाती व त्यांची सांस्कृतिक केंद्रे यांच्याकडून मिळत. रिळांचे डबे रेल्वेने मागवणे, प्रक्षेपक चालवणे आणि प्रत मुदतीत परत करणे ही कामे सभासदच करत. एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे अशी प्रत गावोगाव फिरत असे.

खेळापूर्वी दिग्दर्शकाची व काळाची ओळख करून देणारे छोटे टिपण वाटले जाते किंवा वाचून दाखवले जाते. कथेचा शेवट त्यात सांगू नये, असा संकेत आहे. खेळानंतर चर्चा होते. चर्चेचा सूत्रधार शक्यतो स्वतःचे मत अखेरीस मांडतो, कारण जाणकाराचे मत आधी आले की नवखे सभासद गप्प बसतात.

चित्रपटांची तुलना

दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहणे ही रसास्वादाची जुनी व परिणामकारक पद्धत आहे. ‘बायसिकल थीव्ह्ज’ व बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) ही जोडी याचे उत्तम उदाहरण ठरते. १९५२ च्या महोत्सवात इटालियन चित्रपट पाहून बिमल रॉय प्रभावित झाले होते.

दोन्ही चित्रपटांत गरीब बाप व लहान मुलगा शहराच्या रस्त्यांवर भटकतात. रोममधील अंतोनिओला भित्तिपत्रके चिकटवण्याच्या नोकरीसाठी सायकल हवी आहे आणि ती चोरीला जाते. शंभू महातोला जमीनदाराचे कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढावी लागते. इथवर साम्य आहे. भेद पाहू लागले की चर्चा खुलते. अंतोनिओची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा प्रत्यक्षात कारखान्यातील कामगार होता, तर शंभूची भूमिका बलराज साहनी या कसलेल्या नटाने केली. इटालियन चित्रपटात गाणी नाहीत. हिंदी चित्रपटात सलील चौधरी यांच्या संगीतातून गावाचे सामूहिक जीवन उभे राहते. अंतोनिओ अखेरीस स्वतःच सायकल चोरू पाहतो व पकडला जातो, आणि त्याचा मुलगा ती मानहानी पाहतो. शंभूच्या जमिनीवर कारखाना उभा राहत आहे आणि तेथील मूठभर मातीही त्याला नेता येत नाही. एका चित्रपटात माणूस बेकारीपायी स्वतःच्याच नजरेत उतरतो, तर दुसऱ्यात शेतकरी आपल्या भूमीला मुकतो.

‘यांतला श्रेष्ठ कोणता’ हा प्रश्न विचारला तर चर्चा लवकर संपते. ‘शेवटी मुलाचे काय झाले’ किंवा ‘गाणी नसती तर काय उणे पडले असते’ असे विचारले तर ती वाढत जाते. त्यामुळे अनुभवी सूत्रधार क्रमवारीपेक्षा अशा नेमक्या प्रश्नांना पसंती देतात.

मराठीत प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘तुकाराम’ (२०१२) यांची तुलना याच रीतीने करता येते. दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम भक्तीत रमलेला संत आहे, तेथे चमत्कारांना स्थान आहे आणि शेवटी सदेह वैकुंठगमन आहे. नव्या चित्रपटात जितेंद्र जोशी यांनी रंगवलेला तुकाराम प्रथम संसारी माणूस आहे आणि मग संत होतो. दोन पिढ्यांनी एकाच संताकडे काय मागितले, हे या तुलनेतून दिसते.

आवडत्या चित्रपटांच्या याद्या

‘तुमचे आवडते दहा चित्रपट कोणते?’ हा रसिकांमधील नेहमीचा खेळ आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाची मतचाचणी. १९५२ पासून ती दर दहा वर्षांनी घेतली जाते. प्रत्येक समीक्षक दहा चित्रपटांची नावे देतो आणि मतांच्या बेरजेतून क्रम ठरतो.

१९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. १९६२ ते २००२ या पाच चाचण्यांत ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ (१९४१) अग्रस्थानी राहिला. २०१२ मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) ने त्याला मागे टाकले. २०२२ मध्ये १,६०० हून अधिक जणांनी मते दिली आणि बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांचा ‘जान दिल्मान’ (१९७५) पहिला ठरला. स्त्री-दिग्दर्शकाच्या चित्रपटाला हे स्थान प्रथमच मिळाले. सत्तर वर्षांत चित्रपट तेच राहिले, मात्र मत देणारे आणि त्यांचे प्रश्न बदलले. यादी ही चित्रपटांइतकीच ती करणाऱ्यांचीही ओळख असते, हे यावरून ध्यानात येते.

२०२२ मध्येच समीक्षकांच्या ‘फिप्रेस्की’ या संघटनेच्या भारतीय शाखेने सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटांची मतचाचणी घेतली. ‘पथेर पांचाली’ पहिला आला. ‘मेघे ढाका तारा’, ‘भुवन शोम’, ‘एलिप्पथायम’, ‘घटश्राद्ध’, ‘प्यासा’ व ‘शोले’ हेही पहिल्या दहांत होते, पण त्या दहांत एकही मराठी चित्रपट नव्हता. मत देणाऱ्याने न पाहिलेला चित्रपट त्याच्या यादीत येऊ शकत नाही. म्हणूनच जुन्या चित्रपटांच्या सुस्थितीतील प्रती आणि इतर भाषांतील उपशीर्षके यांचा प्रश्न आवडीनिवडीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि त्याची तुलना आता कशाशीही करता येत नाही.

मर्यादा व सद्यस्थिती

फिल्म सोसायट्यांवर टीकाही झाली. सेन्सॉरच्या कात्रीतून सुटलेली दृश्ये पाहण्यासाठीच काही जण सभासद होतात, असा आक्षेप घेतला गेला. परदेशी चित्रपटांचे कौतुक करताना लोकप्रिय देशी चित्रपटांना कमी लेखण्याची वृत्तीही काही मंडळांत होती. पुढे गुरू दत्त, राज कपूर किंवा व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांचा गांभीर्याने अभ्यास होऊ लागला, तेव्हा ही दरी काहीशी बुजली.

१९८० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी व व्हिडिओ कॅसेट, नंतर उपग्रह वाहिन्या व डीव्हीडी, आणि अलीकडे ओटीटी मंच यांमुळे चित्रपट घरबसल्या मिळू लागले. दुर्मीळ चित्रपट मिळवून देणे हे फिल्म सोसायटीचे मूळ काम बऱ्याच अंशी उरले नाही आणि अनेक संस्था बंद पडल्या. टिकून राहिलेल्या संस्थांनी चित्रपट महोत्सव, महाविद्यालयांतील रसास्वाद शिबिरे आणि लहान शहरांतील उपक्रम यांकडे लक्ष वळवले. मुंबईतील ‘थर्ड आय’ आशियाई चित्रपट महोत्सव हा चळवळीशी संबंधित कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला.

चित्रपटांची टंचाई संपली असली तरी निवडीचा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. ओटीटी मंच प्रेक्षकाने आधी पाहिलेल्या चित्रपटांसारखेच चित्रपट त्याला सुचवत राहतात. फिल्म सोसायटीत मात्र शेजारच्या सभासदाची आवड आपल्याहून निराळी असते आणि त्याने सुचवलेला चित्रपट आपण एरवी पाहिलाच नसता. आज फिल्म सोसायटीची उपयुक्तता प्रामुख्याने या भिन्न आवडींच्या सहवासात आहे.