ट्रॅक्टरचा ॲक्सल, गॅसचा नळ आणि सोळा तास

सकाळी ६:००
बाहेर मिट्ट काळोख. जून महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. साल १९६१. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेडमध्ये बर्ट मन्रो उठतात. वय ६२. शेडमध्येच लेथ, शेडमध्येच व्हाइस, शेडमध्येच पलंग. कामावर जायचं म्हणजे चार पावलं टाकायची.

शेडमध्ये एक मोटरसायकल उभी आहे. १९२० सालची इंडियन स्काउट, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातली. इंजिन नंबर ५०आर६२७. दोन सिलिंडर, ६०० सीसी. नवी होती तेव्हा जेमतेम ताशी ५५ मैल पळायची, म्हणजे ८८ किलोमीटर. मन्रोंनी ती कोरी घेतली आणि १९२६ पासून तिच्यात बदल करायला लागले. अजून करतायत. पुढच्या वर्षी ही गाडी घेऊन त्यांना अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उतरायचंय.

घड्याळाच्या वेळा इथे मी लावल्यात. कामं मात्र सगळी त्यांची. वर्षानुवर्षं चाललेली ती कामं आपण एका दिवसात ओवून पाहू.

सकाळी ७:००
चहा झाला. आज पिस्टन ओतायचे.

विकत का नाही घ्यायचे? या इंजिनाला बसणारा पिस्टन जगात कुठल्याच दुकानात नाही. सिलिंडरचा बोअर मोठा केलाय. मूळ इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूला होते, ते मन्रोंनी उचलून वर डोक्यात नेलेत. स्प्रिंगफील्डमध्ये गाड्या बनणं १९५३ सालीच थांबलं. शिवाय न्यूझीलंडमध्ये १९३८ पासून परदेशी माल आणायला परवाना लागतो. तेव्हा भंगार.

गहू निवडावेत तसे ते फुटके पिस्टन निवडतात. हा चांगल्या धातूचा, हा हलका, हा नको. निवडलेले तुकडे मुशीत जातात. खाली ज्योत धडधडायला लागते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लोखंड लालबुंद होऊन सांगतं की मी तयार आहे, हे तसं काही सांगत नाही. नजर ठेवायची, वरची मळी काढायची, हात घाई करत नाही ना ते बघायचं. साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे. साचा आधी कोरडा ठणठणीत लागतो. आत थेंबभर ओल राहिली तर तिची वाफ होते आणि वितळलेला धातू अंगावर उसळतो.

मग एका धारेत ओतायचं. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे सांधा राहतो आणि नेमका तिथेच पिस्टन फुटतो.

सकाळी ८:३०
आत्ता कुठे सूर्य वर येतोय. ओतलेला धातू निवलाय. डबा फाडून काढायचा, वरचा जादा धातू हॅक्सॉने कापायचा. हा जादा धातू मुद्दाम ठेवलेला असतो. थंड होताना ॲल्युमिनियम आकसतं, तेव्हा आतली पोकळी भरायला तो कामाला येतो.

कापलेल्या तोंडावर बोट फिरवायचं. उजेडाकडे धरायचं. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तुकडा परत मुशीत. धातू वाया जात नाही. सकाळ जाते.

सकाळी १०:००
लेथ. ओबडधोबड गोळा चकमध्ये धरून तो आधी बाहेरून गोल करायचा. मग पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचं भोक, मग रिंगांच्या खाचा. टूल टेकलं की चकचकीत बुरा सुटतो.

पिस्टन दिसतो गोल, पण वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. वरचा भाग थेट आगीसमोर असतो. तो जास्त तापतो, जास्त फुगतो. म्हणून तो मुद्दाम किंचित लहान ठेवायचा. किती किंचित? जास्त ठेवला तर दाब निसटतो. कमी ठेवला तर ऐन वेगात पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. ताशी दीडशे मैलांवर चाक अडकलं तर काय होईल, हे लेथसमोर उभ्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. गाडीवर तोच बसणार असतो.

सकाळी ११:३०
सिलिंडर. गॅस वाहून नेणारा जुना बिडाचा नळ मन्रोंनी मिळवलाय. वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहिलेलं बीड. नव्या ओतकामात आतला ताण हळूहळू सुटत जातो आणि वस्तू किंचित वाकते. जुन्या बिडाचं जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. शिवाय स्वस्त. त्या नळाचा तुकडा कापून, आतून बोअर करून, बाहेरून कातून त्याचा सिलिंडर होतो.

मोजायला मायक्रोमीटर हवा. चांगला मायक्रोमीटर महाग. मन्रोंकडे चाकाचा जुना स्पोक आहे, तोच त्यांचा मायक्रोमीटर. बोटांना जे कळतं ते आकड्यात सांगता येत नाही, पण हीच बोटं चाळीस वर्षं हे एकच इंजिन चाचपत आलीत.

दुपारी १:००
जेवण. फार वेळ नाही.

जेवताना हिशोब पाहू. पगार शून्य. मन्रो मोटरसायकली विकायचे, दुरुस्त करायचे. दिवसभर नोकरी, रात्री ही गाडी. कित्येकदा रात्रभर काम करून सकाळी तसेच कामावर. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी नोकरी सोडली. तोवर संसारही विस्कटला होता. चार मुलं आपापल्या वाटेला लागली. तेव्हापासून इथेच, या शेडमध्ये. एका दहा वर्षांच्या काळात रोज सोळा तास काम केलं आणि नाताळला फक्त दुपारची सुट्टी घेतली, असं ते स्वतः सांगत.

खर्चाची बाजू. धातू बहुतेक भंगारातला. हत्यारं बरीचशी घरी केलेली. विकत घ्यावं लागतं ते इंधन, ऑइल, स्पार्क प्लग, साखळ्या. सगळ्यात मोठा खर्च पुढे उभा आहे. गाडीसकट बोटीने प्रशांत महासागर ओलांडायचा. म्हणून आज जिथे एक पौंड वाचतो तिथे दोन दिवस गेले तरी चालतात. पैसे कमी पडतात तिथे मन्रो दिवस घालतात. शेडचा सगळा व्यवहार हा एवढाच.

दुपारी २:००
आजचं सगळ्यात जड काम. कनेक्टिंग रॉड.

पिस्टनचा धक्का क्रँकपर्यंत पोचवतो तो हा रॉड. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो, सेकंदाला कितीतरी वेळा. दर वेळी रॉड एकदा दाबला जातो, एकदा ओढला जातो. मूळचे रॉड ५५ मैलांच्या गाडीसाठी केलेले. ते केव्हाच गेले.

मन्रोंनी कॅटरपिलर ट्रॅक्टरचा जुना ॲक्सल आणलाय. जमीन नांगरणाऱ्या यंत्राचं पोलाद. त्यातून रॉड कोरून काढायचा. घण मारून आकार देणारा कारखाना नाही. मग हॅक्सॉ, ड्रिल आणि कानस.

ॲक्सलचा तुकडा व्हाइसमध्ये आवळलाय. आधी भोकांची रांग पाडायची, मग मधलं तोडायचं, मग कानस. पुढे ढकलताना जोर, मागे येताना हात हलका. मागे येतानाही दाबलं तर दात मोडतात, आणि नवी कानस म्हणजे पैसे. तासाभरात पोलाद किती कमी झालं ते खाली पडलेल्या बुऱ्यावरून कळतं. मूठभरही नाही.

आकार आला की कडा गोल करायच्या. कानशीचा आडवा ओरखडा एकही राहता कामा नये. तडा जातो तो ओरखड्यापासूनच. म्हणून शेवटी बारीक कागदाने लांबीच्या दिशेने घासायचं, पोलाद चकाकेपर्यंत. मग पाणी द्यायचं. तापवून थंड केलं की पोलाद कडक होतं, पण कडक झालेलं ठिसूळही असतं. परत बेताने तापवून तो ठिसूळपणा काढायचा. कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही एकाच तुकड्यात हवेत.

मन्रोंना अंजायनाचा त्रास आहे. छातीत दुखायला लागलं की हात थांबतात. मग परत कानस उचलतात.

दुपारी ४:४५
दिवस मावळतोय. उजेड आहे तोवर कवचाचं काम.

वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याला बाजूला सारायला आठपट ताकद लागते. पंचावन्नवरून एकशे ऐंशीकडे जायचं तर नुसतं इंजिन पुरं पडणारच नाही. गाडीला वाऱ्यातून निसटता आलं पाहिजे. म्हणून तिला फायबरग्लासचं लांबट कवच. तोंड निमुळतं, शेपूट निमुळती, आत माणूस पोटावर पालथा.

कवच जितकं घट्ट तितका वारा कमी अडतो. आणि तितकीच माणसाला जागा कमी. मन्रो आत शिरतात, गुडघा कुठे घासतो ते बघतात, बाहेर येतात, खूण करतात, पॉलिश पेपर घेतात. परत आत. आजूबाजूला हे करून देणारं कोणी नाही.

संध्याकाळी ६:३०
दिवा लावला. क्लच.

इंजिनची ताकद वाढली की मूळचा क्लच घसरायला लागतो. इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. मन्रोंनी सतरा प्लेटांचा क्लच बनवलाय, हजार पौंड दाबाच्या स्प्रिंगांचा. प्लेट एकेक पुसायची, वाकली नाही ना ते सपाट काचेवर ठेवून बघायचं, क्रमाने लावायची. पुढे एक साखळी पुरत नाही म्हणून तिहेरी साखळी. फ्लायव्हील घरचं. कॅम घरचे. मूळ गाडीतलं काय काय उरलंय, ते मोजायला फार वेळ लागणार नाही.

रात्री ८:००
कार्बोरेटर. ही गाडी पेट्रोलवर नाही, मेथॅनॉलवर पळते. मेथॅनॉल आत शिरताना इंजिनाला गार ठेवतं, त्यामुळे दाब खूप वाढवता येतो. पण ते लागतं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. म्हणून इंधन सोडणाऱ्या जेटची भोकं मोठी करायची. बारीक ड्रिल दोन बोटांत धरून फिरवायचं. थोडं कमी पाडलं तर इंजिनाला इंधन पुरत नाही, आणि मग सकाळी ओतला तसल्या पिस्टनला मधोमध वितळून भोक पडतं. थोडं जास्त पाडलं तर ताकद जाते.

बरोबर पाडलं की नाही, ते इथे शेडमध्ये कळणार नाही. त्यासाठी गावापासून दहाएक किलोमीटरवर ओरेटीचा समुद्रकिनारा आहे. ओहोटी लागली की तिथली वाळू मैलोनमैल टणक आणि सपाट होते. १९५७ मध्ये मन्रोंनी तिथे ताशी १३१.३८ मैलांचा वेग गाठला. त्यांची प्रयोगशाळा ती हीच. वेळापत्रक भरती-ओहोटीचं.

रात्री ९:३०
हत्यारं पुसून जागेवर. भिंतीवर एक फळी आहे. फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, तडकलेले सिलिंडर ओळीने मांडलेत. फळीवर मन्रोंनी लिहिलंय, हे वेगाच्या देवाला वाहिलेलं.

ही फळी निव्वळ आठवणींची नाही. तिथल्या प्रत्येक तुकड्यात पुढच्या तुकड्याची सूचना आहे. हा रॉड इथे मोडला, म्हणून नवा तिथे जाड. हा पिस्टन असा जळला, म्हणून त्याचं डोकं जाड केलं. पैसेवाल्या कारखान्यात ही माहिती कागदावर असते. इथे ती हातात घेऊन बघता येते.

रात्री १०:३०
आजची कमाई: एक बरा पिस्टन, अर्धा रॉड, दोन जेट. गाडीचा वेग किती वाढला? कदाचित काहीच नाही. कदाचित अर्धा मैल.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, बॉनव्हिलला ८८३ सीसीच्या वर्गात मन्रोंची नोंद होईल: ताशी १७८.९७ मैल, २८८ किलोमीटर. १९६६ मध्ये १००० सीसीच्या वर्गात १६८.०७ मैल. १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच वर्गात १८३.५८६ मैल. तेव्हा इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढलेलं असेल. गाडी मात्र तीच, १९२० सालची. १९७८ च्या जानेवारीत मन्रो गेले.

२०१४ मध्ये त्यांच्या मुलाने १९६७ च्या विक्रमाचा जुना हिशोब पुन्हा तपासला. दोन दिशांना दोन फेऱ्या. एक १८४.७१० मैलांची, दुसरी १८३.४६३ ची. सरासरी काढताना चूक झाली होती. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ती मान्य केली आणि विक्रम १८४.०८७ असा दुरुस्त केला. फरक अर्ध्या मैलाचा. शर्यतीच्या वहीत तो दशांश चिन्हाच्या आसपासचा बदल आहे. या शेडमध्ये अर्ध्या मैलासाठी महिनेच्या महिने कानस चाललेली आहे. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, तो मजुरीत धरला गेला हे बरं झालं.