साठ जणांचं शक्तिप्रदर्शन

मेलबर्न, नोव्हेंबर 2025

8 नोव्हेंबरला सिडनीत न्यू साउथ वेल्सच्या संसदेबाहेर साठेक पुरुष काळ्या कपड्यांत रांगा धरून उभे राहिले. हातात ज्यूविरोधी फलक, तोंडी हिटलरच्या युवक संघटनेची घोषणा. बरं, हे लपूनछपून नव्हे, पोलिसांना रीतसर कळवून. न्यू साउथ वेल्समध्ये मोर्चाची आगाऊ सूचना द्यायची. पोलिसांनी हरकत घेतली नाही तर तो अधिकृत ठरतो. हरकत घेतली गेली नाही. आपल्याला याचा पत्ताच नव्हता, असं पोलीस आयुक्तांनी नंतर सांगितलं!

या मंडळींनी नाव घेतलं होतं ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’. 1901 पासून गोरेतरांना दार बंद ठेवणाऱ्या सरकारी धोरणाचं हेच नाव. ते 1973 मध्ये पुरतं मोडीत निघालं.

साठ माणसांची एवढी दखल कशाला? माझ्या मते त्यांना गर्दी जमवायचीच नसते. फोटो मिळाला की काम झालं. गर्दी हवी असेल तेव्हा ते दुसऱ्यांच्या मोर्चात घुसतात. 31 ऑगस्टला स्थलांतराविरुद्ध देशभर मोर्चे निघाले. शंभर वर्षांत ग्रीक-इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले, असं त्यांच्या पत्रकात छापलं होतं. मेलबर्नमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संसदेच्या पायऱ्यांवरून नवनाझी म्होरक्या थॉमस स्यूअल बोलला. नंतर काळ्या कपड्यांतल्या टोळक्याने हल्ला चढवला तो ‘कॅम्प सॉव्हरिन्टी’ या आदिवासींच्या तळावर. उपरे हाकला म्हणणाऱ्यांना सापडले ते इथले मूळ रहिवासी.

31 ऑगस्टच्या त्या रविवारी इथे आपल्या मराठी घरांत गौरी यायच्या होत्या. ‘आज सिटीत जाऊ नका’ हा निरोप फुलोऱ्याच्या चर्चेतच फिरत होता. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाची मात्र धास्ती नव्हती: व्हिक्टोरियाने 2022 मध्ये नाझी चिन्हावर बंदी घातली, तेव्हा हिंदू, बौद्ध, जैनांचं स्वस्तिक वगळलं. नाझी सलामीवर बंदी यायला मात्र 2023 उजाडावं लागलं. मार्चमध्ये संसदेच्या त्याच पायऱ्यांवर हात उंचावले गेले, मग ऑक्टोबरात कायदा लागू झाला. काही दिवसांतच नवनाझी जेकब हर्सन्टने न्यायालयाबाहेर सलामी ठोकली. शिक्षा झाली एक महिन्याच्या तुरुंगवासाची.

सिडनीच्या निदर्शनानंतर सरकारने एकाचा व्हिसा रद्द केला. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलेला हा इसम दक्षिण आफ्रिकेहून आलेला होता.