आकडा सुधारतो, रुग्ण दगावतो

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाभोवती आकड्यांचा पहारा असतो. रक्तदाब, नाडी, रक्तातला ऑक्सिजन, साखर, हिमोग्लोबिन, तासातासाला मोजलेली लघवी. यांतला एखादा आकडा घसरला की वर आणायचा, चढला की खाली उतरवायचा, असं तिथल्या उपचारांचं सूत्र बाहेरून तरी दिसतं. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांनाही आकड्यांचीच सवय होते. ‘आज ऑक्सिजन किती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. गेल्या पंचवीस वर्षांतल्या मोठ्या वैद्यकीय चाचण्यांनी मात्र या सूत्राला वारंवार तडा दिला आहे. आकडा सुधारला म्हणून माणूस वाचतोच असं नाही. कधी कधी आकडा सुधारणारा उपचारच जिवावर उठतो, आणि खाटेशी उभ्या असलेल्या अनुभवी, प्रामाणिक डॉक्टरला ते दिसू शकत नाही. म्हणून अतिगंभीर रुग्णांवरचं पद्धतशीर संशोधन हा मोठ्या रुग्णालयांचा जोडधंदा नसून उपचारांचाच भाग आहे, असं माझं म्हणणं आहे.

व्हेंटिलेटरचंच घ्या. फुप्फुसांना सूज येऊन ती ताठर झाली की रुग्णाला यंत्राने श्वास द्यावा लागतो. प्रत्येक श्वासाबरोबर हवा किती ढकलायची? रक्तातले वायू तपासले तर मोठा श्वास बरा दिसतो. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला फक्त ६. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचा आकडा मोठा श्वास मिळालेल्यांचा अधिक चांगला होता. मृत्यूही त्यांच्यातच अधिक झाले: जवळजवळ ४० टक्के, तर छोट्या श्वासाच्या गटात ३१ टक्के. मोठा श्वास फुप्फुसातले अजून धड असलेले भाग ताणून फाडत होता. रोजचा तक्ता ते सांगत नव्हता. उलट ‘सुधारणा आहे’ असं सांगत होता.

त्याहून बोलकी गोष्ट डोक्याला मार लागलेल्यांची. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, हे १९६०च्या दशकापासून ठाऊक होतं. अपघातातही मेंदू सुजतो, मग तिथेही स्टेरॉइड द्यावं, हे ओघानेच आलं. तीस वर्षं जगभर ते कमी-अधिक प्रमाणात दिलं गेलं. लहान लहान चाचण्या झाल्या, पण त्यांतून फायदा की तोटा हे कळत नव्हतं. अखेर लंडनहून चालवलेल्या ‘क्रॅश’ चाचणीत ४९ देशांतले १०,००८ रुग्ण घेतले गेले. खरं तर वीस हजार घ्यायचे होते, पण २००४मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन. हा फरक डॉक्टरांच्या नजरेला का आला नाही, याचं उत्तर याच आकड्यांत आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या शंभरांतले अठरा एरवीही जाणारच असतील, तर जादा तीन कोणते हे कोण ओळखणार? वर्षाला असे पन्नास रुग्ण पाहणाऱ्या सर्जनला तो फरक जन्मभरात जाणवणार नाही. वाचलेल्याचं श्रेय औषधाला जातं, गेलेल्याचा दोष अपघाताला. अनुभव जितका दीर्घ तितका हा भ्रम पक्का होत जातो.

यावर अनेक डॉक्टर आक्षेप घेतात, तो असा: चाचणी सरासरीची असते, माझ्यासमोरचा रुग्ण सरासरी नसतो. हे खरंच आहे, आणि मी ते हलकं मानत नाही. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक तापाने फणफणलेल्या, शॉकची लक्षणं असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल आला. शॉकमध्ये शिरेतून भराभर सलाईन सोडायचं, असं पाठ्यपुस्तक सांगत आलं होतं. तसं केल्यावर पहिल्या तासात शॉकची लक्षणं अधिक मुलांमध्ये उतरली. पण ४८ तासांत त्या गटांतली साडेदहा टक्के मुलं गेली, तर सावकाश द्रव दिलेल्यांतली ७.३ टक्के. जुलाबांनी सुकलेली मुलं या चाचणीत नव्हतीच, त्यामुळे तिचा निष्कर्ष त्यांना लावणं घातक ठरेल. पुढे अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयांत प्रौढांवर हाच प्रश्न तपासला, तेव्हा सढळ आणि आखडत्या द्रवात मृत्यूंच्या दृष्टीने फरक आढळला नाही. निष्कर्ष जागेनुसार बदलतो याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी असा होत नाही. ज्या रुग्णांवर उपचार करायचे, त्यांच्यातच त्या व्हायला हव्यात, असा होतो.

आपल्याकडे हे करता येतं, हे करोनाच्या काळात दिसलं. बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, ही कल्पना इतकी पटण्याजोगी होती की महाराष्ट्र सरकारने जून २०२०मध्ये त्याचा मोठा प्रकल्पच जाहीर केला. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची चाचणी करत होती. महिन्याभरात प्लाझ्मा मिळालेल्यांत १५ टक्के आणि न मिळालेल्यांत १४ टक्के मृत्यू झाले, म्हणजे उपयोग शून्य. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आलं. तरीही दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, व्हॉट्सअॅपवर प्लाझ्मासाठी आर्जवं फिरत होती. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो वगळायला मे उजाडला. पुरावा हातात असून सात महिने तो वापरला गेला नाही, याचा दोष मी घाबरलेल्या नातेवाइकांना देणार नाही. चिठ्ठी तर डॉक्टरच लिहून देत होते.

सर्वांत वजनदार आक्षेप संमतीचा आहे. बेशुद्ध माणसावर प्रयोग? आपल्या देशात गरिबांना ‘गिनिपिग’ केल्याचे आरोप झाले आहेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत नुकसानभरपाई व नैतिकता समित्यांची नोंदणी पक्की झाली. हा संशय हवेतून आलेला नाही. अमेरिकेत २००३नंतर कृत्रिम रक्ताची एक चाचणी संमतीशिवाय, कायद्यातल्या अपवादाच्या आधाराने झाली. रुग्णवाहिकेत खरं रक्त नसतं, तिथवर ठीक होतं. पण रुग्णालयात खरं रक्त उपलब्ध झाल्यावरही ते कृत्रिम द्रव चालूच ठेवलं गेलं. त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. मात्र दुसरी बाजूही पाहावी लागते. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अॅसिडची ‘क्रॅश-२’ चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ४० देशांतल्या २० हजारांवर जखमींत भारतीय रुग्ण मोठ्या संख्येने होते. जपानी जोडप्याने १९६०च्या दशकात शोधलेलं, पेटंट कधीच संपलेलं हे स्वस्त औषध. कोणत्याही कंपनीला त्यात घबाड दिसत नव्हतं. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के गेले, न मिळालेल्यांपैकी १६. अपघातानंतर तासाभरात दिलं तर फायदा सर्वाधिक. तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. नातेवाईक शोधून, समजावून, सही घेण्यात चाचणीतला उपचार तासाभराने लांबतो, हे संशोधकांनी नंतर मोजून दाखवलं. रक्त वाहून जाणाऱ्या माणसाच्या नावाने घेतलेली ती सही त्याचं रक्षण करते की रुग्णालयाचं? मला वाटतं, जुनं, सुरक्षितता ठाऊक असलेलं औषध असेल आणि नैतिकता समितीने आधी मंजुरी दिली असेल, तर उपचार आधी सुरू करून संमती नंतर मागणं अधिक माणुसकीचं आहे. नवं, अपरिचित द्रव्य असेल तर ही सवलत देऊ नये.

अवयव प्रत्यारोपणात तर हा गुंता दोन माणसांत विभागला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मेंदूमृत दात्यांचं शरीर ३४-३५ अंशांपर्यंत थंड ठेवलं, तेव्हा मूत्रपिंड बसवल्यानंतर काही काळ डायलिसिस लागण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८वर आलं. प्रयोग मृतदेहावर झाला, त्याचा परिणाम मात्र दुसऱ्याच गावातल्या, अजून भूलही न दिलेल्या रुग्णावर. संमती कोणाची घ्यायची, हे आपल्या अवयवदान कायद्याच्या चौकटीत कोणी नीट सोडवल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि मृत्यू हा एकच आकडा तरी भरवशाचा मानावा का? ट्रानेक्झॅमिक अॅसिड रुग्णवाहिकेतच द्यावं का, हे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीतल्या १,३१० गंभीर जखमींत तपासलं गेलं. निकाल २०२३मध्ये आला. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी १७.३ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २१.८. पण सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे औषधाने जे जास्तीचे वाचले, त्यांतले बरेच जण परावलंबी होऊन जगले. संशोधकांनी मुख्य निकष म्हणून जगणं नव्हे, तर सहा महिन्यांनंतरचं जगण्याजोगं जगणं निवडलं होतं, म्हणून त्यांच्या हिशेबी उत्तर ‘फायदा नाही’ असं आलं. भारतात, जिथे अशा माणसाची सेवा घरच्या बाईवर पडते आणि त्याच्या उपचारांसाठी शेत विकलं जातं, तिथे कोणता निकष लावायचा हे ऑस्ट्रेलियातल्या समितीने ठरवून चालणार नाही. चाचणीचा आराखडा लिहिला जातो, त्याच बैठकीत अशा घरांतलं कोणीतरी बसलेलं असायला हवं.