भरतीच्या तासांपुरता श्वास

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली वीतभर टोकं उघडी पडतात. ही श्वसनमुळं. हाताला स्पंजासारखी हलकी लागतात, सालीवर बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून शिरलेली हवा खालच्या मुळांपर्यंत पोचते. वरचा पातळ थर सोडला तर त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. त्याचा काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास त्यामुळेच. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा ही टोकंही बुडतात. मग हवा तुटल्याचं झाडाला कळतं कसं?

फुलझाडांच्या पेशींत काही नियंत्रक प्रथिनं सतत तयार होतात आणि लगोलग मोडलीही जातात. त्यांच्या टोकाशी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. एक विकर त्याला प्राणवायू जोडतं आणि तो शिक्का बसला की पेशी त्या प्रथिनाचा फडशा पाडते. प्राणवायू आटला की शिक्का बसत नाही. मग प्रथिन टिकतं, केंद्रकात शिरतं आणि हवेविना ऊर्जा मिळवणारी जनुकं चालू करतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यावर काम करून दोन गटांनी 2011 साली हे ‘नेचर’मध्ये मांडलं.

बनवायचं आणि लगेच मोडायचं, ही उधळपट्टी वाटेल. पण संकट आल्यावर प्रथिन घडवत बसायला वेळ नसतो. नुसती मोडतोड थांबली तरी पुरतं. मला या यंत्रणेतली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, कारण आपल्या शरीरानेही वेगळ्या प्रथिनांनिशी हाच मार्ग धरला आहे. ग्रेग सेमेन्झांना 1990च्या दशकात सापडलेलं ‘हिफ’ हे प्रथिन असंच सतत बनतं नि मोडतं. तिथे शिक्का बसतो प्रोलीनवर, हे विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी 2001 साली दाखवलं. तिघांना 2019चं नोबेल मिळालं.

डोंबिवलीत डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्याशी याचा थेट संबंध आहे. रक्तपेशी वाढवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात बनतं, ते ‘हिफ’च्या हुकमावर. मूत्रपिंड थकलं की ते कमी पडतं, रक्त उतरतं आणि इंजेक्शन घ्यावं लागतं. अहमदाबादच्या झायडसची डेसिडुस्टॅट ही गोळी 2022मध्ये भारतात मंजूर झाली. ती शिक्का मारणारं विकरच अडवते, त्यामुळे पेशींना प्राणवायू कमी पडल्याचा भास होतो.

तिवराच्या मुळाला असा भास नको, खरी हवा हवी. हवेविना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपी या ऊर्जावाहकाचे जेमतेम दोन रेणू हाती लागतात. हवा असेल तर सुमारे तीस. जनुकांनी केलेली ही सोय म्हणजे भरतीचे काही तास निभावण्याची बेगमी. पण खाडीत भराव टाकला, तर राडारोड्याखाली गाडलेल्या मुळाला ओहोटी येतच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018मध्ये कांदळवनांचा नाश हा घटनेच्या कलम 21चा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. दिव्यापासून डोंबिवलीच्या मोठागावापर्यंत तो पट्टा जमिनीवर आखलेला दिसायला हवा. आणि भराव पडलाच, तर तो आधी उपसावा, पंचनामा आणि नोटिसा मागाहून होऊ द्याव्यात. मुळांपाशी तेवढी मुदत नसते.