खड्डे खणायचे आणि बुजवायचे?

‘रोजगार हमी म्हणजे काय, तर एका मस्टरवर खड्डे खणायचे आणि दुसऱ्या मस्टरवर बुजवायचे.’ शहापूर असो की मुरबाड, चार शिकलेली माणसं जमली की हे वाक्य येतंच. बोलणाऱ्याने एकही काम जवळून पाहिलेलं नसतं. तरी आवाज ठाम असतो. म्हणून आधी याचाच निकाल लावू.

गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या १०० गावांतल्या ४,१०० हून अधिक कामांची पाहणी केली. ८७ टक्के कामं जागेवर होती आणि उपयोगात होती. तीन चतुर्थांशांहून अधिक कामांचा संबंध शेतीशी होता. काम निरुपयोगी म्हणणारे गावकरी अवघे ८ टक्के. उरलेल्या १३ टक्के कामांचा जाब विचारायलाच हवा. पण त्या १३ टक्क्यांवरून बाकीच्या ८७ टक्क्यांना खोटं ठरवायचं, हा अन्याय आहे.

आता तो खड्डा नीट पाहू. शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही तिन्ही धरणं याच तालुक्यात. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. तरीही दर उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागतं. उतारावर एका पातळीत सलग समतल चर खणला की ते पाणी थबकतं, थोडं मुरतं, आणि वाहून जाणारी माती चरात बसते. काही पावसाळ्यांनी चर गाळाने भरलेला दिसतो. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, ‘बघा, बुजवला!’ अहो, तो कुणी बुजवलेला नाही. डोंगरावरून निघून गेली असती ती माती तिथे अडली आहे. चर त्यासाठीच होता.

‘मग काम असताना लोक वीटभट्टीवर का जातात? कातकऱ्यांना मेहनत नकोच असते.’ हे ऐकलं की मात्र संताप येतो. मध्यरात्रीनंतर उठून दिवसाला हजारभर विटा पाडणाऱ्या जोडप्याला आळशी म्हणायचं? भट्टीमालक पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, उचल हातावर ठेवतो. हमीच्या कामाची मजुरी १५ दिवसांत द्यावी असं कायदा सांगतो, पण ती अनेकदा रखडते. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याने कुठे जावं? दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात, पोरांची शाळा सुटते, आणि अंगावरची उचल फिटली नाही तर पुढचं वर्षही बांधलं जातं.

‘मजुरी पुरेशी आहे’ हेही खरं नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. केंद्रानेच नेमलेल्या सत्पथी समितीने २०१८ च्या भावांनुसार किमान ३७५ रुपये सुचवले होते. पोटापुरत्या मजुरीची मागणी अवाजवी नाही.

‘कारखाने आले की प्रश्न सुटेल.’ मुरबाडला एमआयडीसी कित्येक वर्षं आहे. स्थलांतर थांबलेलं नाही.

गावातच पोट भरायची दुसरी वाट जंगलातून जाते. तिच्यावरही आक्षेप येतो: ‘जंगलातून घेतलं की जंगल संपतं.’ गुळवेलीचं खालचं खोड आणि मूळ राखलं तर वेल पुन्हा फुटते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी याच वेलीचा व्यवसाय उभा केला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या माहितीत औषध कंपन्यांच्या ३५० टनांच्या मागणीचा उल्लेख आहे.

आणि शेवटचा आक्षेप: ‘रोजगार हमी ही दिल्लीची खैरात.’ नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली ही महाराष्ट्राची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशाने ती २००५ मध्ये घेतली. शहरातल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच कामासाठी सुरू झाला.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना एकच विनंती. भट्टीची उचल घरात येण्याआधी आपल्या पाड्यावरच्या कुटुंबांचे कामाच्या मागणीचे अर्ज ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. ती पोच नसेल, तर १५ दिवसांत काम न मिळाल्यावर बेकारी भत्ता मागता येत नाही.