कोरड्या विहिरीचे वाटेकरी

नाशिकहून निफाडच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. ती हिरवाई पाहून परक्या प्रवाशाला वाटते, इथे पाण्याला काय तोटा! पण या काळ्या मातीखाली आहे तो काळा कातळ. त्यातले पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून बांधाच्या अलीकडे विहीर तुडुंब आणि पलीकडे नुसता धुरळा, हा प्रकार इथे नेहमीचाच. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, शिकलेले लोक यंत्र लावून सांगतात. पण खरे काय ते बोअर खाली गेल्यावरच कळते, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

या तालुक्यातल्या चार भावांची एक हकिकत सांगतो. चौघांनी चार-चार आण्यांची भागी करून सामाईक बोअर घ्यायचे ठरवले. पहिला बोअर कोरडा गेला. धाकट्याने हात झटकले. म्हणाला, "दादा, आता मला यात ओढू नका." उरलेल्या तिघांनी धीर करून दुसरा घेतला आणि पाणी लागले! चार दिवसांनी धाकटा थोरल्याच्या ओट्यावर हजर. "दादा, माझा चौथाई खर्च घ्या, आणि मलाही पाळी द्या." मधला उसळला, "भीतीच्या वेळी आम्ही, आणि पाण्याच्या वेळी तू होय रे?"

वाचकहो, तुम्ही पंच असता तर काय निवाडा दिला असता? थोरल्याने काय दिला तो शेवटी सांगेन. पण हा तंटा केवळ चार भावांचा आहे असे समजू नका. समुद्राच्या तळाशी तेल आणि वायू शोधणाऱ्या बड्या कंपन्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

शेतातला बोअर फसला तर हंगाम बुडतो. समुद्रातली तेलविहीर फसली तर कोट्यवधी रुपये पाण्यात जातात. शिवाय नव्या मुलखात शोधासाठी खणलेल्या विहिरींपैकी बऱ्याचशा कोरड्याच निघतात. म्हणून शहाणी कंपनी एकाच विहिरीत सारे धन ओतत नाही. दहा विहिरींत थोडा थोडा हिस्सा ठेवते. नऊ फसल्या तरी दहावी सावरून घेते.

आपल्या देशाने हा धडा लवकरच गिरवला. १९५३ साली भारत सरकारने स्टॅनव्हॅक या परदेशी कंपनीशी बंगालमध्ये तेल शोधण्याचा करार केला. सरकारचा हिस्सा २५ टक्के, कंपनीचा ७५. दहा विहिरी खणल्या, दहाही कोरड्या! १९६० मध्ये गाशा गुंडाळावा लागला. तोटा झाला खरा, पण त्याचा तीन चतुर्थांश भार दुसऱ्याच्या खांद्यावर होता. आसामात मात्र तेल आधीच लागलेले होते. तिथे १९५९ साली 'ऑइल इंडिया' स्थापन झाली तेव्हा सरकारचा वाटा एक तृतीयांश होता. १९६१ मध्ये तो निम्मा झाला आणि १९८१ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी झाली.

आपल्या किनाऱ्यासमोरच्या मुंबई हायची कथा निराळी. १९७४ साली 'सागर सम्राट' या यंत्रनौकेने तिथे तेल शोधले ते सरकारी तेल आयोगासाठी. तिथे वाटेकरी कोणी नव्हता. जोखीम सारी जनतेच्या पैशाची. पुढे पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रेही आयोगानेच शोधली. त्यांतून उत्पादन काढण्यासाठी डिसेंबर १९९४ मध्ये करार झाला: सरकारी तेल कंपनीचे ४० टक्के, रिलायन्सचे ३० आणि एन्रॉनचे ३०. शोधाची भीती सरून गेल्यावर नवे भागीदार आले, तर त्यांनी पहिल्या भीतीचे मोल किती मोजावे? धाकट्या भावाचाच हा प्रश्न, नाही का?

अशा भागीत एकत्र कुटुंबासारखा एक कर्ता नेमतात. तो यंत्रे आणतो, माणसे लावतो, हिशेब ठेवतो. बाकीचे अंदाजपत्रक मंजूर करतात आणि हाक आली की आपापल्या हिश्श्याने पैसे भरतात. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे वाजले, तरी पन्ना-मुक्ताचे काम थांबले नाही. हिस्सा ब्रिटिश गॅसकडे गेला. मग कर्ता कोण यावरून कुरबूर झाली आणि अखेर तिघांनी मिळून कारभार पाहायचे ठरले. कराराप्रमाणे आधी खर्च वसूल करायचा आणि उरलेल्या नफ्यात सरकारला वाटा द्यायचा. साहजिकच खर्च किती धरायचा, यावर २०१० पासून सरकार आणि खासगी भागीदार यांच्यात लवादापुढे वर्षानुवर्षे वाद चालला. २०१९ च्या डिसेंबरात कराराची मुदत सरली आणि पन्ना-मुक्ता पुन्हा सरकारी तेल कंपनीकडे आले. तेवढ्यात सरकारने धोरणही बदलले होते. २०१६ पासून नव्या करारांत खर्चाच्या वह्या तपासण्याऐवजी थेट उत्पन्नातला वाटा ठरवायचा, अशी रीत आली.

पण हिशेब आधी ठरवण्याची अक्कल आपल्या मातीत जुनीच आहे. याच जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांच्या काठची फड पद्धत पाहा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत. पाणी कमी पडेल असे दिसले की पेरणीआधीच सारे मिळून एखादा फड पडीक ठेवतात. तोटा येतो तो सगळ्यांच्याच अंगावर, म्हणून कोणी कोणाला दोष देत नाही.

आता थोरल्या भावाचा निवाडा. तेलाच्या अनेक करारांत असे कलम असते की, भागीदाराने एखाद्या विहिरीतून अंग काढून घेतले आणि ती लागल्यावर परत यायचे म्हटले, तर त्याला आपल्या वाट्याच्या कितीतरी पट भरावे लागते. थोरल्याने असले कलम कधी पाहिले नव्हते. तो एवढेच म्हणाला, "चौथाई नाही, तिची दुप्पट दे. आणि यंदाच्या उन्हाळ्यात तुझी पाळी शेवटची."

धाकट्याने मान डोलावली. वरची रक्कम तिघांनी वाटून घेतली. मग थोरल्याने वही काढली आणि पुढचा बोअर कोरडा गेला तर कोणी किती सोसायचे, ते चौघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवले. पाणी लागल्यावर काय करायचे, त्याला मात्र एकच ओळ पुरली.